गाळा दाखवायचा, पण बसायचं कुठे?

या आठवड्याचं पत्र ठाण्याहून आलंय. थोडं छोटं करून देते.

"ताई, मी आणि माझा मित्र, आमचं वागळे इस्टेटला विजेची कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. गाळा बाबांचा, त्यांनी तिथे पंचवीस वर्षं फॅब्रिकेशन केलं. चाकणच्या एका कंपनीची पाच माणसं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतायत, ऑर्डर मिळाली तर वर्षभराचं काम. त्यांचा डिझाइनवाला जर्मनीत बसतो, तो व्हिडिओ कॉलवर येणार, साडेतीन तासांचा फरक धरून दुपारी साडेबाराची वेळ ठरवलीय. आमच्याकडून मी, पार्टनर, बाबा आणि आमचे फोरमन. शुक्रवार धरलाय कारण त्या दिवशी आमच्याकडे सुट्टी असते, शांतता असते. पार्टनर म्हणतो वाशीला हॉटेलची बोर्डरूम घेऊ, इम्प्रेशन पडतं, माणशी १८०० सांगतायत पण कमीत कमी १५ जणांचे पैसे भरायचे. मी गाळ्यापासून दहा मिनिटांवर एका को-वर्किंगवाल्याकडे '१० सीटर' रूम फोटोत बघितलीय, ताशी ७०० अधिक जीएसटी. बाबा म्हणतात आपला गाळा असताना भाड्याची खोली कशाला, गाळ्याची लाज वाटते का तुला? तेव्हापासून घरात नीट बोलणं नाही. काय करू?"

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. खोलीचं सगळं सांगते, कारण वीस वर्षं मी कंपन्यांमध्ये अ‍ॅडमिनच सांभाळलंय आणि मीटिंगच्या खोल्या बुक करणं हे माझं रोजचं काम होतं, पण आधी एक सांगते की बाबांचा राग चुकीचा नाहीये आणि तुमचं खोली शोधणंही चुकीचं नाहीये. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय फक्त.

चाकणहून पाच माणसं अख्खा दिवस काढून का येतायत याचा विचार करा जरा. खुर्च्या बघायला नाही येत. त्यांना बघायचंय की हा माणूस पॅनल बनवतो कुठे, बसबार म्हणजे करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या कसे वाकवतो, वायरिंगला फेरूल, म्हणजे वायरच्या टोकाला चढवायची छोटी नळी, नीट लावतो का, टेस्टिंगची काय सोय आहे, इन्सुलेशन तपासायचा मेगर आहे का आणि तो कॅलिब्रेट केलेला आहे का. हे गाळ्यातच दिसतं, दुसरीकडे कुठेच दिसत नाही. म्हणजे तुमच्या मीटिंगचा पहिला भाग गाळ्यात, यात बाबा शंभर टक्के बरोबर. पण नंतर ड्रॉइंग पसरून बोलायचंय, जर्मनीच्या माणसाशी तासभर कॉल आहे आणि शेवटी रेट, पेमेंटच्या तारखा, वॉरंटी हे सगळं बोलायचंय, ते कॉम्प्रेसरच्या आवाजात आणि शेजारच्या गाळ्यातल्या ग्राइंडरच्या आवाजात होत नाही. यात तुम्ही बरोबर. म्हणून सकाळी गाळा आणि दुपारी खोली, असा दिवस दोन भागांत करा. बाबांना सांगताना पण असंच सांगा, की गाळा दाखवायचाच आहे, खोली फक्त कॉलसाठी आणि ड्रॉइंगसाठी घेतोय. "प्रोफेशनल दिसायला पाहिजे" हा शब्द घरात काढू नका हो, त्या एका शब्दाने पंचवीस वर्षांचं काम अनप्रोफेशनल ठरतं आणि तेच त्यांना लागलंय असं मला वाटतं.

आणि गाळ्याची लाज वाटायचं तर काही कारणच नाही. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट. चाकणचे लोक स्वतः एमआयडीसीत बसतात, त्यांना पत्र्याचं छप्पर नि तेलाचे डाग काय नवीन आहेत का. स्वच्छ गाळा, जागच्या जागी लावलेली हत्यारं, आणि अर्थिंग नीट केलेलं, एवढं त्यांना पुरतं.

आता शुक्रवार. शुक्रवार रद्द करा, प्लीज. सुट्टी आहे म्हणून शांतता मिळेल हे खरं पण बंद गाळ्यात ते बघणार काय? चार मुलं काम करतायत, एक पॅनल अर्धं वायर झालंय, एक टेस्टिंगला लागलंय, हे दिसलं पाहिजे त्यांना. शिवाय तुम्हाला माहितीच असेल की आपल्याकडे पाण्याची नि लाइटची दुरुस्तीची शटडाऊनं बऱ्याचदा शुक्रवारीच काढतात. पाहुणे आले आणि गाळ्यात लाइट नाही आणि बाथरूमला पाणी नाही असं नको. बुधवार घ्या नाहीतर गुरुवार. फक्त डिसेंबरचा गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातला निघू शकतो, कॅलेंडर बघा, त्यांच्या टीममध्ये कुणी बाई असेल तर तिचा उपास असू शकतो, तेव्हा जेवणाचं आधी विचारून ठेवा. रविवारचा तर विचारही नको कारण मेगाब्लॉक, तुमचे फोरमनच वेळेवर पोचणार नाहीत.

वाशीबद्दल पार्टनरचं म्हणणं मी उडवून लावत नाही. चाकणहून एक्स्प्रेसवेने येणाऱ्याला कळंबोलीला उतरलं की वाशी-बेलापूर जवळ पडतं, ठाणे लांब. तुमचा गाळा दाखवायचाच नसता, नुसतं कॉन्ट्रॅक्ट बोलायचं असतं, तर मीच सांगितलं असतं की वाशी नाहीतर बेलापूरला बसा, त्यांचा येता-जाता वेळ वाचेल. पण गाळा बघायचाय म्हटल्यावर वाशीहून त्यांना परत ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, ऐरोलीच्या पुलावरून मुलुंड, तिथून हायवेने तीन हात नाका नि मग वागळे असं आणायचं, म्हणजे एका दिवसात दोन प्रवास. छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचा टोल नाही हे ठीक आहे पण ट्रॅफिक आहेच. आणि पैसे बघा. तुम्ही माणसं नऊ. हॉटेलवाला पंधरांचे घेणार म्हणजे २७,००० आणि वर टॅक्स, म्हणजे सहा न आलेल्या माणसांचं जेवण तुम्ही भरताय. त्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात, मोठ्या कार्यक्रमात ते चालून जातं, तुमच्या नऊ जणांना नाही परवडत. को-वर्किंगवाल्याकडे पाच तास धरले तरी ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, एकूण ४,१३०. जेवण वेगळं धरा. उरलेल्या पैशात गाळ्याला रंग द्या, नाहीतर टेस्टिंग बेंचवर चांगला लाइट लावा, त्याने जास्त इम्प्रेशन पडेल.

पण थांबा, ती '१० सीटर' लगेच बुक करू नका.

सीटरचा आकडा म्हणजे खोलीत किती खुर्च्या घुसतात त्याचा आकडा, किती माणसं काम करू शकतात त्याचा नाही. मी नेहमी टेबलावरून हिशोब करते. एका माणसाला कोपर न लागता बसायला टेबलाची दोन ते अडीच फूट कड लागते. दहा जण म्हणजे दोन बाजूंना चार-चार आणि टोकांना एक-एक, म्हणजे टेबल कमीत कमी आठ फूट, नीट बसायचं तर दहा. रुंदी चार फूट तरी हवी कारण तुम्ही ड्रॉइंग पसरणार, ए-वन साइझचा कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे पावणेतीन फूट बाय दोन फूट जवळजवळ, तो उघडला की समोरच्याच्या लॅपटॉपवर जातो. आणि खुर्चीच्या मागे भिंतीपर्यंत तीन फूट हवेत, नाहीतर आत बसलेल्याला बाहेर यायचं तर बाकीच्या तिघांना उठावं लागतं. म्हणजे दहा बाय चारचं टेबल आणि चारी बाजूंनी तीन-तीन फूट, झाली खोली सोळा बाय दहा, १६० चौरस फूट. यापेक्षा लहान असेल तर तिला कुणी दहा म्हणो की बारा म्हणो, तुमच्यासाठी ती सहा जणांची आहे. त्यांच्याकडे बारा सीटर असेल तर ती विचारा, ताशी शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. आणि फोटोवर अजिबात जाऊ नका, फोटो वाइड लेन्सने काढतात, खोली दुप्पट दिसते आणि मधला खांब दिसत नाही.

स्क्रीनचं पण असंच आहे. "टीव्ही आहे मॅडम" असं सांगतात, पण किती इंचांचा आणि शेवटची खुर्ची किती लांब? आमच्या एव्हीवाल्याने मला एक सोपा हिशोब शिकवला होता, स्क्रीनची जितकी उंची त्याच्या सहापटीच्या आत शेवटचा माणूस बसला तर प्रेझेंटेशन वाचता येतं, आणि बारीक आकडे किंवा ड्रॉइंग असेल तर चौपटीच्या आत. ५५ इंची टीव्हीची उंची २७ इंच असते. सहापट म्हणजे साडेतेरा फूट, चौपट म्हणजे फक्त नऊ फूट. तुम्ही सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे पॅनलच्या जोडणीचा रेषांचा नकाशा, दाखवणार, दहा फुटी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेला त्यांचा क्वालिटीवाला डोळे बारीक करून बघणार. ७५ इंची असेल तर उंची ३७ इंचांच्या आसपास, चौपट बारा फूट, मग बऱ्यापैकी जमतं. मोठा टीव्ही नसेल तर सरळ सगळ्या ड्रॉइंगच्या ए-थ्री प्रिंट नऊ कॉपी काढून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवा, मला तर ते टीव्हीपेक्षा जास्त आवडतं, माणसं त्यावर पेनाने लिहितात आणि जाताना घेऊन जातात. आणि तुमच्या लॅपटॉपला नुसता टाइप-सी पोर्ट आहे की एचडीएमआय आहे ते बघून कन्व्हर्टर स्वतःचा न्या, रिसेप्शनवर मिळेल या भरवशावर राहू नका.

आता तो कॉल. दादा, इथे तुमची मोठी गडबड झालीय आणि ती आत्ताच सुधारा. जर्मनीशी साडेतीन तासांचा फरक उन्हाळ्यात असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा. तुम्ही डिसेंबरमध्ये दुपारी साडेबाराला फोन लावलात तर त्याच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असणार, तो माणूस कदाचित ऑफिसलाही पोचला नसेल. तुम्हाला नऊ हवे असतील तर आपले दीड. आजच त्याला इन्व्हाइट नवीन पाठवा, आणि त्यात दोन्ही वेळा लिहा, भारत दीड, जर्मनी नऊ.

यावरून दिवस आपोआप लागतो बघा. ते सातला निघाले आणि घाटात काही अडकलं नाही तर साडेदहापर्यंत येतील, अडकलं तर अकरा-साडेअकरा, तेवढी ढील ठेवा. आल्यावर चहा गाळ्यात, मग तास-सव्वा तास गाळा बघणं, साडेबाराला जेवण, दीडला कॉल, अडीचला कमर्शियल बोलणं आणि चारला संपवायचं, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीच्या आत ते ठाण्यातून बाहेर पडतील. खोली बाराला घ्या आणि पाचपर्यंत घ्या. बारा कशासाठी तर तुमचा पार्टनर आधी जाऊन कॉल लावून बघेल, कागद मांडेल, एसी चालू करेल. पाच कशासाठी तर ऑर्डरचं बोलणं रंगात आलं असताना काचेवर टकटक करून "सर नेक्स्ट बुकिंग आहे" असं कुणी म्हणायला नको. ते वाक्य मी ऐकलेलं आहे, समोरच्या माणसाने उघडलेलं पेन परत खिशात ठेवलं होतं.

इंटरनेटचं विचारताना नुसतं "वायफाय आहे का" विचारू नका, वायफाय सगळीकडे असतं. तुम्ही स्वतः त्या खोलीत जा, दार लावा, आणि मोबाइलवर स्पीड बघा, आणि अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नाही. एका एचडी ग्रुप कॉलला जाता-येता तीन-चार एमबीपीएस पुरतात, ते काही फार नाही, पण ते सतत मिळायला हवेत आणि दुपारी दीडला मिळायला हवेत, जेव्हा बाहेरच्या हॉलमधली सगळी पोरं पण कॉलवर असतात. म्हणून बघायला जायची वेळ पण दीडचीच ठेवा. केबलने लॅपटॉप जोडता येत असेल तर तसंच करा. पासवर्ड कसा मिळतो तेही विचारा, काही ठिकाणी प्रत्येकाला मोबाइलवर ओटीपी घेऊन लॉगिन करावं लागतं आणि ते दर तासाने तुटतं, ऐन बोलण्यात. तुमचा हॉटस्पॉट चार्ज करून तयार ठेवा, पण खोलीत रेंज आहे का हेही तिथेच कळेल, बिल्डिंगच्या आतल्या खोल्यांमध्ये कित्येकदा एकच कंपनीची रेंज येते.

आवाजाचं राहिलं. लॅपटॉपचा माइक एक-दोन जणांना पुरतो, नऊ जण दहा फुटी टेबलाभोवती असले की लांबच्यांचं काही ऐकू जात नाही. टेबलाच्या मधोमध ठेवायचा स्पीकरफोन त्यांच्याकडे आहे का विचारा, नसेल तर कुणाकडून आणा. कॉलला एकच लॅपटॉप जोडा, दुसऱ्या कुणी त्याच खोलीत ऑडिओ चालू ठेवला की घूं घूं सुरू होतं. आणि काचेच्या केबिनचं एक बघा, तुम्ही आत बसा आणि पार्टनरला शेजारच्या केबिनमध्ये नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. तुम्हाला त्याचे शब्द कळले तर तुमचे रेटही शेजारी कळणार. वागळेत तुमच्यासारखी पॅनलवाली किती युनिटं आहेत, ती पण अशाच जागा वापरतात. निघताना व्हाइटबोर्ड पुसायचा आणि कागदाचे तुकडे सोबत न्यायचे, हे काम फोरमनना आधीच सांगून ठेवा.

एसीबद्दल एकच. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. नऊ माणसं दार लावून अडीच तास बसली की डोकी जड होतात आणि जेवण झालेलं असतं त्यात, नेमकं पैशांच्या बोलण्याच्या वेळी सगळे पेंगतात. उघडणारी खिडकी असलेली खोली मिळाली तर बघा, नाहीतर कॉल संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांना बाहेर काढा, चहा बाहेर द्या, दार उघडं ठेवा. लाइट गेली तर जनरेटरवर एसी पण चालतो का नुसते दिवे, हेही विचारायचं, बऱ्याच ठिकाणी नुसते दिवे असतात.

आता बुकिंग. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय कारण यात मी स्वतः पोळलेय. खूप वर्षांपूर्वी नवी मुंबईत एका ठिकाणी मी चौदा जणांची खोली फोनवर बोलून ठेवली होती, समोरचा म्हणाला "ब्लॉक केली मॅडम, टेन्शन घेऊ नका". मी घेतलं नाही टेन्शन. त्या सकाळी साहेब, बाहेरगावहून आलेले चार पाहुणे, सगळे लिफ्टमधून वर आलो तर खोलीत दुसऱ्याच कंपनीचं ट्रेनिंग चाललेलं, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली तुमचं तर टेंटेटिव्ह होतं, त्यांनी अ‍ॅडव्हान्स भरला. आम्ही त्या दिवशी खालच्या कॅन्टीनमध्ये बसलो. काम झालं कसंबसं, पण त्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं मी अजून विसरले नाहीये. तेव्हापासून माझा नियम आहे की ब्लॉक, होल्ड, टेंटेटिव्ह, "तुमचं नाव लिहून ठेवलंय" हे सगळे शब्द म्हणजे बुकिंग नाही. अ‍ॅडव्हान्स भरला, पावती आली आणि मेलवर लेखी कन्फर्मेशन आलं तरच बुकिंग. त्या मेलमध्ये तारीख आणि वार दोन्ही पाहिजेत, कधीपासून कधीपर्यंत ते पाहिजे, नेमकी कुठली खोली ते पाहिजे कारण ऐन वेळी "त्याच कपॅसिटीची दुसरी" देतात, दरात काय काय आलं ते पाहिजे म्हणजे पाणी चहा टीव्ही वायफाय, वेळ वाढली तर तासाला किती लावणार ते, आणि रद्द केली किंवा तारीख पुढे ढकलली तर किती कापणार ते. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण चाकणवाले आदल्या दिवशी "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणू शकतात, मोठे ग्राहक असं करतात आणि आपण काही बोलू शकत नाही. म्हणून दोन पैसे जास्त गेले तरी तारीख बदलू देणारा बघा. आणि मीटिंगच्या दोन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी, दोनदा फोन करा.

बिलाचं. बुक करतानाच तुमचा जीएसटी नंबर आणि सर्टिफिकेटवर आहे तसंच फर्मचं नाव द्या, नंतर बिल बदलून मागत बसावं लागतं. खोलीच्या भाड्यावरचे ते ६३० तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतात, पण समोरच्याने बिल नीट अपलोड करून ते तुमच्या टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत, दिसायला हवं. जेवणावरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून खोली आणि खाणं यांची बिलं वेगळी मागा, एकात मिसळलं की तुमचा अकाउंटंट वैतागेल आणि खोलीचंही क्रेडिट अडकेल. अजून एक, हे आत्ता तुम्हाला लागू नाही पण पुढे कामी येईल, खोली ज्या राज्यात असते तिथलाच जीएसटी लागतो. तुम्ही उद्या सुरतला ग्राहकासाठी खोली घेतली तर गुजरातचा टॅक्स लागेल आणि तुमचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रातलं असल्याने ते क्रेडिट हातात येणार नाही.

पार्किंग विसरू नका. पाच जण म्हणजे एक मोठी गाडी किंवा दोन छोट्या. खूप बिल्डिंगांमध्ये आता गाडी लिफ्टने वर चढवायचं पार्किंग असतं आणि उंच गाड्या त्यात मावत नाहीत, वॉचमन गेटवर अडवतो. गाडीचे नंबर आधी मागून घ्या नि गेटवर देऊन ठेवा, आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या जेवणाची सोय पण करा, तो सकाळी सहाला घरातून निघालेला असतो. लोकेशन पाठवताना दोन पिन पाठवा, आधी गाळा मग खोली, आणि खुणेची जागा लिहा, कारण वागळेत रोड नंबर कसे लागतात हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, रोड नंबर शोधताना माणूस अर्धा तास फिरतो.

जेवण त्या खोलीत देऊ नका एवढंच सांगते. पनीरचा वास दोन तास जात नाही आणि ड्रॉइंगवर तेल सांडतं. जवळच्या एखाद्या चांगल्या साध्या ठिकाणी नऊ जणांचं टेबल सांगून ठेवा, कुणी जैन आहे का, कुणाचा उपास आहे का ते आधी मेलवर विचारा. मला विचाराल तर पंचतारांकित बुफेपेक्षा गरम पोळी, भाजी, वरण-भात, आणि शेवटी काहीतरी गोड, हे चाकणहून आलेल्या माणसाला जास्त लक्षात राहतं.

आणि आता परत बाबांकडे. गाळा कोण दाखवणार हे तुम्ही लिहिलं नाहीये. बाबांना दाखवू दे. पॅनलच्या इलेक्ट्रिकलबद्दल तुम्ही आणि फोरमन बोला पण एन्क्लोजरचा, म्हणजे पॅनलच्या पेटीचा पत्रा, त्याचं बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंगच्या आधीची तयारी, दार बंद केल्यावर गॅस्केट नीट दबतो का, हे पंचवीस वर्षं हाताने केलेल्या माणसाने सांगितलं की ऐकणाऱ्याला कळतं. दुपारच्या खोलीत पण त्यांना बोलवा, आणि टेबलाच्या कोपऱ्यात नाही, तुमच्या शेजारी. रेटच्या बोलण्यात ते गप्प बसले तरी चालेल. समोरच्याच्या परचेसवाल्याला दिसेल की या पोरांच्या मागे कोण उभं आहे.

त्यांना आज लगेच पटवायला जाऊ नका. येत्या बुधवारी दुपारी दीडला तुम्ही ती खोली बघायला जाणारच आहात, कॉल लावून बघणार आहात, तेव्हा त्यांना म्हणा, "बाबा, टेबल खरंच दहा फुटांचं आहे का ते मोजायचंय, तुमचा टेप घेऊन याल का?" मोजू दे त्यांना. टेबल, भिंत, खुर्चीमागची जागा, टीव्हीची उंची. ते म्हणाले कमी पडतं, तर कमी पडतं, दुसरी खोली बघा.